मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याची एक दिवसाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून मॉरिशसला निघालेली मंडळी आम्हाला फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका दिवसात नक्की काय काय दाखवता?

सकाळी साडेसातला पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-एन-फ्लॅक गावाहून गाडी निघते आणि आधी वर पठारावर जाते. गंगा तलाव, मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची दरी, तिथून शामारेल गावात सात रंगांची जमीन आणि धबधबा. जेवण शामारेललाच. दुपारी घाट उतरून समुद्राला लागायचं, ले मॉर्नच्या डोंगराखाली थांबायचं आणि तामरिनवरून किनाऱ्याकिनाऱ्याने सूर्यास्ताला परत फ्लिक-एन-फ्लॅक.

क्रम उलटा का नाही, असंही विचारतात. वरच्या पठारावर दुपारनंतर ढग उतरण्याची शक्यता जास्त असते, आणि ढगात दरी दिसत नाही. किनारा मात्र पश्चिमेचा असल्यामुळे दुपार कलली की खुलतो. त्यामुळे सकाळ डोंगराला, दुपार समुद्राला.

२. पश्चिमच का? सगळे तर पूर्वेच्या बेटाचे फोटो टाकतात.

मॉरिशसला वारा वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून येतो. तो पूर्व किनारा ओलांडून मधल्या पठारावर चढतो, तिथे पाऊस पाडतो आणि पश्चिमेला उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो. ताम्हिणीत धो धो आणि कोथरूडला भुरभुर, हे गणित पुणेकरांना शिकवायला नको. फक्त इथे दिशा उलटी. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेला गार वारा अंगावर येतो, तेव्हाही पश्चिमेचं पाणी बहुधा शांत असतं. शिवाय समुद्रात बुडणारा सूर्य बघायला पूर्व किनारा काय कामाचा?

३. त्याच दिवशी इल ओ सर्फ पण करता येईल ना?

नाही. ते बेट पूर्व किनाऱ्याला आहे, म्हणजे बरोबर उलट्या बाजूला, आणि त्याला स्वतःचा एक पूर्ण दिवस लागतो. नकाशावर मॉरिशस अगदी चिमुकलं दिसतं, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर. पण रस्ते उसाच्या शेतांतून, गावांतून आणि घाटांतून जातात. जे दोन्ही एका दिवसात करून देतो म्हणतात, ते तुम्हाला दोन्ही गाडीच्या काचेतून दाखवतात.

४. पुण्याहून थेट विमान आहे का?

नाही, मुंबईहून जावं लागतं. मुंबईहून थेट विमानाने साडेसहा तासांच्या आसपास लागतात. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पुण्याहून निघताना द्रुतगती मार्गावरच्या घाटाचा भरवसा धरू नका, विशेषतः शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं असेल तर घरातून किमान आठ तास आधी निघा. एवढं लवकर कशाला, म्हणणारे घरात एक असतातच. त्यांचं ऐकू नका.

५. व्हिसा लागतो का?

पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. पोचल्यावर इमिग्रेशनला परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे यांची विचारणा होऊ शकते. कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या पोटात नको. निघण्याआधी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन प्रवास फॉर्म भरायचा असतो. तो घरीच भरा, विमानतळावरच्या वायफायवर विसंबू नका.

६. मे महिन्याच्या सुट्टीत आलो तर उकाडा असेल का?

उलट मे हा तिथला चांगला महिना. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा, आणि मे म्हणजे त्याची सुरुवात. दिवाळीची सुट्टीही छान, हवा कोरडी आणि ऊबदार. जानेवारी ते मार्च हा उकाड्याचा आणि चक्रीवादळांचा काळ (त्याबद्दल प्रश्न २० पाहा).

दिवस मात्र लहान-मोठा होतो. जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पावणेसातनंतर. हिवाळ्यात आलात तर ले मॉर्नला रेंगाळायला कमी वेळ मिळेल, हे आधीच सांगून ठेवतो.

७. सात रंगांची जमीन खरोखर सात रंगांची आहे की फोटोशॉप?

रंग खरे आहेत. सात मोजता येतात का, हा वेगळा प्रश्न; आमच्या गाडीत त्यावर दर वेळी दोन तट पडतात.

हे बेटच ज्वालामुखीतून आलेलं. शामारेलला बेसॉल्ट खडक उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षं कुजत गेला, त्याची माती झाली. पाण्यात विरघळणारं होतं ते पावसाबरोबर वाहून गेलं आणि मागे उरली ती मुख्यतः लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोखंडामुळे तांबडे, तपकिरी रंग येतात, ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळ्या छटा. अशा मातीत झाडाला खायला काही उरत नाही, म्हणून तिथे गवताची काडीसुद्धा नाही. चहूबाजूंनी गर्द हिरवं रान आणि मधेच हे उघडे, गुळगुळीत, लाटांसारखे उंचवटे.

दोन गोष्टी आधी सांगतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. जागा छोटी आहे, पाऊण तासात सावकाश बघून होते. आणि मातीवर चालता येत नाही. कडेने कुंपण आणि लाकडी सज्जे आहेत. रंग पाहायचे तर ऊन हवं. ढग असतील तर आम्ही आधी धबधबा करून परत इथे येतो, तेवढी सवड ठेवलेली असते. कुंपणाच्या पलीकडे महाकाय कासवं आहेत, अल्डाब्रा जातीची. लहान मुलं माती विसरतात आणि तिथेच ठाण मांडतात, त्यांना ओढून काढू नका.

८. गंगा तलाव किनाऱ्यावर नाही, मग पश्चिम किनाऱ्याच्या सहलीत का?

कारण वगळला तर निम्मे लोक नाराज होतात. गंमत सोडली तरी शामारेलला वरून जायचं तर तो फार वाकडी वाट करून नाही.

तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं मुख, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे पायी यात्रा सुरू झाली, आणि १९७२ साली भारतातून आणलेलं गंगाजल या पाण्यात मिसळलं गेलं. रस्त्याला लागूनच १०८ फुटांचा उभा मंगल महादेव आहे, २००७ सालचा. बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून तो घडवला. समोर तितकीच उंच दुर्गा.

आमचं मत विचाराल तर पुतळ्याखाली फोटोत वेळ घालवण्यापेक्षा पायऱ्यांनी खाली पाण्यापाशी जा. वारा पडलेला असला की पाण्यात धुकं उतरतं, काठावरच्या छोट्या देवळांत कुणी क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून आलेल्या तिथल्या बोलीत, बोलत बेल वाहत असतं. पूजेचं सामान तिथे मिळतं. देवळांत जाण्यासारखे कपडे घाला. बीचवरच्या हाफ पँटवर वरून एक लुंगी किंवा ओढणी पुरते.

९. इंटरनेटवर समुद्राच्या पोटात धबधबा दिसतो, तो दाखवता का?

तो जमिनीवरून दिसतच नाही. ले मॉर्नच्या टोकाजवळ समुद्रतळावरची वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल उताराकडे सरकतात, आणि आकाशातून पाहताना पाणीच कड्यावरून कोसळतंय असा भास होतो. हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानाची फेरी वेगळी घ्यावी लागते आणि ती महाग असते. पैसे असतील तर जरूर घ्या, सकाळच्या स्वच्छ उजेडात. बोटीतून दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

१०. ले मॉर्नला एवढं काय आहे? आणि आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो, हा डोंगर चढता येईल का?

ले मॉर्न ब्राबां हा ५५६ मीटरचा उभा बेसॉल्टचा डोंगर, तीन बाजूंनी समुद्र. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं ते या इतिहासासाठी, देखाव्यासाठी नव्हे. मॉरिशसमधली गुलामी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. ती बातमी सांगायला शिपाई वर चढले, वरच्यांना वाटलं पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथले लोक सांगतात. ही लोककथा आहे, पण बेटावरच्या क्रिओल समाजासाठी, म्हणजे मुख्यतः त्या गुलामांच्या वंशजांसाठी, ती फार जवळची आहे. पायथ्याशी गुलामांच्या स्मृतीची दगडी शिल्पं उभी आहेत. तिथे आमचा गाइड आवाज खाली आणतो. आपणही आणावा, रील्स पुढच्या बीचवर करावेत.

आता चढाई. ती या सहलीत नाही, वेगळी सकाळ काढावी लागते आणि उजाडताच निघावं लागतं. अर्ध्या वाटेपर्यंत रुंद पायवाट आहे, तिथून प्रवाळाची रांग आणि निळ्या पाण्याचे पट्टे सुरेख दिसतात. सिंहगडकरांना तेवढं सहज जमेल. त्यापुढे मात्र हातापायांनी धरून चढायचा खडक आहे. लिंगाणा केलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही, पण पायवाटेचीच सवय असलेल्यांनी अर्ध्यावरूनच परतावं. पाऊस पडून गेला असेल तर कुणीच वर जाऊ नये.

११. डॉल्फिन कधी दिसतील?

या सहलीत नाही. डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी तामरिनच्या उपसागरात विसाव्याला येतात, त्यामुळे बोटी पहाटेच निघतात. तेव्हा आपण डोंगराकडे निघालेले असतो. वेगळ्या दिवशी जायचं तर जा, पण एक लक्षात घ्या: ते तिथे झोपायला आलेले असतात. दहा बोटी त्यांना घेरतात आणि माणसं धबाधब उड्या मारतात, हे बघवत नाही. लांब थांबणारा, इंजिन बंद करणारा बोटवाला शोधा. पाण्यात उतरण्याची सहल आम्ही लावून देत नाही.

१२. तामरिनची मिठागरं बघायला थांबता का?

रस्त्यावरून दिसतात तेवढी. काळ्या दगडात बांधलेले चौकोनी वाफे, वरून खाली उतरते. समुद्राचं पाणी वरच्या वाफ्यात चढवायचं आणि उन्हात आटत आटत खाली येऊ द्यायचं. बेटाची ही बाजू कोरडी असल्यामुळेच मीठ इथे पिकलं (प्रश्न २). पूर्वी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन मीठ वाहत. आता हा धंदा बराच आटोपला आहे, म्हणून तिथे थांबण्याचं वचन देत नाही.

१३. शाकाहारी जेवण मिळेल का? आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही.

शाकाहारी नक्की मिळतं, आणि चांगलं मिळतं. बेटावरचे निम्म्याच्या आसपास लोक हिंदू आहेत, त्यामुळे 'नो मीट, नो फिश, नो एग' म्हटलं की समजतं. रस्त्यावरची धोल पुरी खाल्ल्याशिवाय येऊ नका: हरभरा डाळीचं सारण भरून लाटलेली पातळ, मऊ पोळी, नेहमी जोडीने देतात, आत घेवड्याची रस्साभाजी, टोमॅटोची चटणी आणि वर तिखटजाळ मिरची. गुंडाळून कागदात हातात देतात. मिरची आधी थोडी मागा.

कांदा-लसूण नको असेल तर दोन दिवस आधी सांगा, शामारेलच्या खानावळीला तसं कळवतो. त्या दिवशी सकाळी गाडीत बसल्यावर सांगितलंत तर ताटात भात आणि फळं येतील. उपवासाचंही तेच. साबुदाणा घरून आणा.

१४. घरचा खाऊ नेता येतो का?

चिवडा, लाडू, चकली, सीलबंद थेपले असा कोरडा खाऊ नेण्यात सहसा अडचण येत नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बिया, रोपं नेऊ नका. बेटाला बाहेरच्या किडीची धास्ती आहे आणि तपासणी कडक असते. आजीने दिलेला तुळशीच्या मंजिऱ्यांचा पुडा घरीच राहू द्या. फॉर्मवर खाद्यपदार्थांचं विचारलं तर खरं लिहा.

१५. रोजची औषधं न्यायची आहेत. काही त्रास?

बीपी, शुगर, थायरॉइड यांच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या गोळ्या, मन शांत करणाऱ्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी जोरकस वेदनाशामकं आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांबाबत मॉरिशस फार कडक आहे. त्यांना आधी परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे मेडिकलवाला सहज देतो म्हणून तिकडे चालेल असं धरू नका. शंका असेल तर तिकीट काढण्याआधी विचारा. ई-सिगारेट नेऊच नका.

१६. आई-बाबा पंच्याहत्तरीचे आहेत. चालणं किती?

सलग मोठं चालणं कुठेच नाही. गंगा तलावाला पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत, पण वरूनही दर्शन होतं. दरीचा देखावा गाडीतळापासून जवळ. धबधब्याचा वरचा कठडा सोपा, खालच्याला पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा, काही हुकत नाही. स्वच्छतागृहं गंगा तलाव, शामारेल आणि जेवणाच्या ठिकाणी आहेत. ले मॉर्नला त्यांचा भरवसा धरू नका, जेवणानंतर आटोपून घ्या.

१७. घाटात गाडी लागते. काय करावं?

शामारेलहून खाली किनाऱ्यावरच्या केस नोयाल गावाला उतरणारा रस्ता खरोखर नागमोडी आहे, आणि तो नेमका जेवणानंतर येतो. पुढची जागा मागून घ्या, गोळी अर्धा तास आधी, दुसरं ताट टाळा. वळणावळणावर समुद्र दिसत राहतो, तिकडे बघा, मोबाइलमध्ये नको.

१८. समुद्रात उतरता येईल का? शंख-शिंपले गोळा करू?

उतरता येईल, ले मॉर्नला किंवा परतल्यावर फ्लिक-एन-फ्लॅकला. प्रवाळाच्या बांधामुळे आतलं पाणी उथळ आणि शांत असतं. बांध जिथे तुटतो तिथे ओढ असते, तिकडे जाऊ नका. पायात रबरी बूट हवेतच, तळाशी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. शंख, शिंपले, प्रवाळ यांतलं काहीही उचलू नका, मेलेलं वाटलं तरी. विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

१९. जीपे चालतं का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालं, पण ते सगळीकडे चालेल असं समजू नका. धोल पुरीवाल्याला रोख द्यावी लागते. त्यांचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे, तेव्हा '३०० रुपये म्हणजे स्वस्त' असं लगेच ठरवू नका.

२०. पाऊस किंवा वादळ आलं तर पैसे परत?

नुसत्या पावसात सहल होते. वर पाऊस आणि किनाऱ्यावर लख्ख ऊन, असं एकाच तासात घडतं. चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. तिथे चार टप्प्यांचे इशारे असतात. तिसरा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत काही तासांत येऊ शकतात. दुसरा लागला की आम्ही सहल रद्द करतो आणि पैसे पूर्ण परत देतो किंवा दिवस बदलतो. दुसऱ्या इशाऱ्यातही आकाश निळं असू शकतं, आणि 'ऊन पडलंय की, निघूया' असे फोन येतात. नाही निघत.

२१. महाशिवरात्रीला किंवा गणपतीत आलो तर?

महाशिवरात्रीच्या आधीचे तीन-चार दिवस लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, सजवलेल्या कावडी घेऊन पायी गंगा तलावाकडे निघतात. बघण्यासारखं असतं, पण सहलीच्या गाडीला त्या रस्त्यावर काम नाही. त्या दिवसांत आम्ही तलाव वगळतो आणि तो वेळ ले मॉर्नला देतो.

गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. सहल चालू राहते, दुकानं मात्र बरीच बंद. समुद्राकाठी विसर्जनाला आरती मराठीत ऐकू आली तर चमकू नका, पुढचा प्रश्न वाचा.

२२. गाइड मराठी बोलतो का?

गाइड तिथलाच असतो. इंग्रजी आणि कामापुरती हिंदी बोलतो, घरी क्रिओल. मराठीत माहिती सांगायला आमचा माणूस गटाबरोबर असतो, पण किमान आठ जण असतील तरच.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया मजूर म्हणून कोकणातून आणि देशावरून गेलेल्यांचे वंशज मॉरिशसमध्ये आहेत. शाळांत मराठी शिकवली जाते. मोका इथल्या महाराष्ट्र भवनात २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला. नवी पिढी मराठी फारशी बोलत नाही, पण आडनाव विचारलं की ओळख पटते. त्यांना 'तुम्ही अजून शुद्ध बोलत नाही' असं म्हणू नये. आमच्या गटातल्या एका काकांनी म्हटलं होतं; समोरच्याने हसून क्रिओलमध्ये उत्तर दिलं आणि ते काकांना कळलं नाही.

२३. गाडी भाड्याने घेऊन आम्हीच गेलो तर?

जरूर जा. गाडी डावीकडून चालवायची असते आणि रस्ते चांगले आहेत. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. दारू पिऊन चालवण्याबद्दल कायदा कडक आहे, आणि शामारेलला रमची भट्टी आहे. चव घ्यायची असेल तर चालक आधी ठरवा. आमची सहल घेण्यात फायदा एवढाच, की कुठे ढग आहेत हे गाइडला फोनवर कळतं.

२४. आमचं हॉटेल उत्तरेला किंवा पूर्वेला आहे. घ्यायला याल का?

येतो, पण गाडी सव्वासहाला दारात असेल आणि न्याहारी पॅक करून घ्यावी लागेल. सूर्यास्त पाहून परतायला रात्र होते. लहान मूल सोबत असेल तर आदली रात्र पश्चिमेला काढलेली बरी.

२५. परतीच्या विमानाच्या दिवशीच ही सहल जमेल का?

विमान रात्री उशिराचं असेल तर जमते, पण सूर्यास्त सोडून. विमानतळ आग्नेय टोकाला, माहेबूरजवळ आहे. फ्लिक-एन-फ्लॅकहून तासभर तर लागतोच, संध्याकाळी जास्त. अशा वेळी आम्ही ले मॉर्नहून तामरिनकडे न वळता दक्षिण किनाऱ्याने माकोंदच्या वळणावरून थेट विमानतळ गाठतो. सामान सकाळीच गाडीत टाकावं लागतं, म्हणून बुकिंग करताना बॅगा किती हे कळवा. विमान संध्याकाळी सातच्या आधीचं असेल तर आम्ही बुकिंग घेत नाही.